सरकारी मक्ता आणि मजुराचा हक्क



कामगार चळवळीचा इतिहास सांगताना आपण संप सांगतो, टाळेबंदी सांगतो, गोळीबारात पडलेल्यांचे स्मरण करतो. ते योग्यच आहे. पण या इतिहासाचा एक धागा टेंडरच्या कागदांतून गेलेला आहे आणि रुक्ष म्हणून तो मागे पडला आहे. आज तोच आपल्यापुढे ठेवतो.

सरकार कायदे करते तसे ते बाजारातही उतरते. रस्ते, शाळा, शिपायांचे गणवेश, इस्पितळांची झाडलोट, या सर्वांसाठी ते मक्ते देते. प्रघात असा की, ज्याची निविदा सर्वांत कमी दराची, त्याला काम. यात जनतेच्या पैशाची काटकसर आहे असे वाटते. परंतु सिमेंट आणि लोखंड सर्व मक्तेदारांना जवळजवळ एकाच भावाने मिळते. मग जेथे काम मुख्यतः हातांचे आहे, तेथे एकाचा दर दुसऱ्याच्या खाली जातो तो कशाच्या बळावर? बहुधा मजुरीच्या. म्हणजे किमान मजुरीचा कायदा करणारे सरकारच मजुरी पाडणाऱ्याला काम देऊन मोकळे होते.

हा प्रश्न इंग्लंडात गेल्याच्या मागच्या शतकात धसाला लागला. १८८८ साली तेथील उमरावांच्या सभागृहाने ‘घाम गाळून घेणाऱ्या’ धंद्यांच्या चौकशीसाठी समिती नेमली. शिंपी, जोडे शिवणारे, साखळ्या घडविणारे यांची हलाखी तिच्यापुढे आली. काम पोटमक्त्याने एका हातातून दुसऱ्या हातात उतरत जाई, प्रत्येक हात आपला वाटा काढून घेई आणि कोंदट खोलीत सुई चालविणाऱ्याच्या पदरी उरलेले पडे. सरकारी कपड्यांचे कामही याच उतरंडीने जात होते.

लंडनच्या लोकनियुक्त संस्थांनी पहिले पाऊल टाकले. १८८९ साली लंडन स्कूल बोर्डाने ठरविले की, ज्याला आमचे काम हवे त्याने त्या त्या धंद्यातील रास्त मजुरी दिली पाहिजे. लंडन कौंटी कौन्सिलमध्येही हीच मागणी झाली. तेथे जॉन बर्न्ससारखा कारखान्यातून वर आलेला कामगार पुढारी बसला होता. पुढे १३ फेब्रुवारी १८९१ रोजी सिडने बक्स्टन यांच्या पुढाकाराने पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाने ‘न्याय्य मजुरीचा ठराव’ मंजूर केला. सरकारी मक्त्यांत पोटमक्त्याच्या गैरप्रकारांना आळा घालावा आणि धंद्यात चालू असलेली मजुरी मिळेल अशी खटपट करावी, असा त्याचा आशय.

ठराव मोठा होता, पण त्यात दोन उणिवा होत्या. एक, तो कायदा नव्हता. अंमल खात्यांच्या मर्जीवर. दुसरी अधिक खोल. ‘चालू मजुरी’ ठरवायची कोणी? जेथे युनियन मजबूत, तेथे दर ठरलेला होता. जेथे युनियन नव्हती, तेथे चालू मजुरी म्हणजे उपासमारीची मजुरी. ज्यांच्यासाठी ठराव झाला त्यांनाच तो कमी उपयोगी पडला. म्हणून १९०९ साली तो सुधारला आणि १९४६ साली नव्याने लिहिला. या शेवटच्या रूपात कामगाराचे युनियनमध्ये असण्याचे स्वातंत्र्य मक्तेदाराने मान्य करावे, पोटमक्तेदाराची जबाबदारी घ्यावी आणि ठरावाची प्रत कामाच्या जागी लावावी, अशी कलमे आली.

१९४९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने हेच तत्त्व ९४ व्या करारात घातले. त्याची खरी ताकद अंमलाच्या कलमांत आहे: जो अटी पाळणार नाही त्याला पुढील मक्ते नाकारावेत, आणि त्याची देणी रोखून त्यांतून मजुरांची मजुरी भागवावी. भारताने हा करार अद्याप मान्य केलेला नाही.

तरी आपल्याकडे हा प्रश्न दुसऱ्या दाराने आत आला. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरावयाच्या होत्या. उड्डाणपूल व क्रीडागारे यांची कामे सरकारी संस्थांनी मक्त्याने दिली आणि मक्तेदारांनी मुकादमांकरवी राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसा येथून माणसे आणली. किमान मजुरी होती दिवसाला ९ रुपये २५ पैसे. मुकादम त्यातून १ रुपया दलाली कापून घेई. स्त्रियांच्या हाती तर अवघे ७ रुपये पडत. चौदा वर्षांखालील मुलेही कामावर होती. ‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स’ने न्यायमूर्ती भगवतींना पत्र लिहिले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतले.

सरकारपक्षाची भूमिका ओळखीची होती: मजूर मक्तेदाराचे, दोष मक्तेदाराचा. १८ सप्टेंबर १९८२ च्या निकालाने ती फेटाळली. काम ज्याचे, त्याने कायदा पाळला जातो की नाही हे पाहिलेच पाहिजे. आणि पुढे जाऊन न्यायालय म्हणाले की, किमान मजुरीपेक्षा कमी देऊन घेतलेले काम ही राज्यघटनेच्या २३ व्या कलमाखालील वेठच होय; पोटाची निकड हीही एक सक्तीच आहे. मजुरीचा प्रश्न अशा रीतीने मानवी हक्काचा प्रश्न झाला.

विलक्षण योग असा की, त्याच सप्टेंबर महिन्यात ब्रिटनने ९४ वा करार सोडत असल्याची सूचना दिली आणि १९८३ साली तो जुना ठरावही रद्द केला. कारण दिले गेले बाजाराच्या मोकळेपणाचे. पुढे तोच वाद जर्मनीत उभा राहिला. लोअर सॅक्सनीत तुरुंगाच्या बांधकामावर एका पोलिश पोटमक्तेदाराने ५३ मजुरांना ठरलेल्या मजुरीच्या निम्म्याहून कमी दिले. मक्त्यात कराराची मजुरी लिहिण्याची त्या राज्याची सक्ती युरोपीय न्यायालयाने २००८ साली अमान्य केली. २०१५ साली मात्र, कायद्याने ठरविलेली किमान मजुरी मक्त्याची अट करण्यास त्याच न्यायालयाने मुभा दिली.

या वाटचालीतून मला एकच गोष्ट निघताना दिसते. कलम लिहिले म्हणून हक्क मिळत नाही. ज्याच्यासाठी ते लिहिले त्याच्यापर्यंत ते पोचावे लागते, आणि त्याच्यामागे संघटना असावी लागते. आपल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने सांगितले होते की, मक्तेदाराने मजुरी बुडविली तर मूळ मालकाने ती द्यावी. २०२० च्या संहितेतही ते तत्त्व आहे. पण माझ्या युनियनच्या कामात मी शेकडो कंत्राटी सफाई कामगार पाहिले, त्यांतल्या क्वचितच कोणी आपल्या मक्त्याचा कागद पाहिला होता.

म्हणून आपल्या नगरपालिकेची पुढची निविदा निघेल तेव्हा, श्रोतेहो, तीन गोष्टी विचारा: या दरात किमान मजुरी बसते काय, बिल देण्यापूर्वी मजुरीचा पुरावा पाहिला जातो काय, आणि अटींचा मराठी कागद हजेरीच्या जागी लावला आहे काय. करदाते म्हणून हे विचारण्याचा आपणां सर्वांना अधिकार आहे. रस्ता झाडणारी बाई आपल्याच पैशाने कामावर आहे.