करवीरचा पाहुणचार

इंग्रजी अमलात कोल्हापूर, सांगली, मिरज, जमखंडी, मुधोळ इत्यादी संस्थानांच्या टापूस सरकारी दप्तरांतून ‘दक्षिण मराठा देश’ असे म्हणत. या दक्षिणेकडील मुलखास आतिथ्याची कीर्ती जुनी आहे, आणि कोल्हापूरकरांस तिचा अभिमानही काही कमी नाही. येथे अनोळखी मनुष्यास हाक मारावयाची झाल्यास ‘अहो’ म्हणत नाहीत, ‘पाव्हणं’ म्हणतात. रस्ता विचारणारा वाटसरू असो, बाजारात बैल पाहावयास आलेला शेतकरी असो, की एस. टी.त शेजारी बसलेला उतारू असो, तो आधी पाहुणा, मग जो काय असेल तो. परक्या मनुष्याला एका शब्दात घरच्या उंबरठ्याच्या आत घेणारी ही रीत आम्हांस फार गोड वाटते. परंतु त्या हाकेपाठोपाठ जे प्रश्न येत, त्यांचाही विचार केला पाहिजे. ‘गाव कुठलं?’ हा पहिला; ‘कुणापैकी?’ हा दुसरा. पहिला प्रश्न जिव्हाळ्याचा खरा. दुसऱ्याच्या उत्तरावर मात्र पाहुण्यास घोंगडे ओसरीवर टाकावयाचे की अंगणात, आणि पाणी तांब्याने द्यावयाचे की वरून ओंजळीत घालावयाचे, हे ठरत असे.

या पाहुणचाराची थोरवी आम्ही नाकारीत नाही. ज्याने हिवाळ्यात पंचगंगेकाठच्या एखाद्या गुऱ्हाळावर पाऊल टाकले आहे, त्यास ती सांगावयास नको. चुलवाणावर काहील रटरटत आहे, गुळव्या ढवळीत आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती रसाचा पेला, द्रोणात काकवी, नाही तर उसाच्या कांडीला गुंडाळलेला गरम गूळ दिला जात आहे. कोणी पैसा मागत नाही, आणि कोणी देऊ केला तर गुऱ्हाळवाल्यास राग येतो. शहरात गंगावेशीसारख्या ठिकाणी म्हैस समोर पिळून धारोष्ण दुधाचा पेला तालमीतल्या पोरांच्या हाती देण्याची चाल अशीच प्रसिद्ध आहे. ताटातील तांबड्या-पांढऱ्या रश्श्याविषयी तर इतके बोलले जाते की, आम्ही त्यात भर घालू इच्छीत नाही. एवढेच नमूद करतो की, येथे रस्सा मोजून वाढणे हा यजमानाचा कमीपणा समजतात. वाटी रिकामी दिसली की ती भरलीच पाहिजे. पाहुण्याने हात आडवा धरला तरी बोटांच्या फटींतून वाढतात.

पण आतिथ्याचा इतिहास म्हणजे पदार्थांची यादी, असा जो एक समज आपल्याकडील लेखकांत रूढ झाला आहे, तो आम्हांस मान्य नाही. अशा याद्यांना तोटा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचविलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात अन्नभोगाचे प्रकरणच आहे. कोल्हापूरचे शिलाहार त्या काळी याच चालुक्यांचे मांडलिक. मंडक, इडरिका, धोसक अशी नावे त्यात आढळली की आमचे विद्यार्थी आनंदित होतात, कारण मांडे, इडली आणि डोसा त्यांच्या परिचयाचे असतात. परंतु त्याच प्रकरणात राजाने पुत्रपौत्र, आप्त आणि मांडलिक यांच्यासह भोजनास कसे बसावे, हेही सांगितले आहे. तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः भोजनाचा इतिहास ताटात नसून पंगतीत आहे. कोण कोणाशेजारी बसला, कोणाचे पान वेगळे मांडले, कोणास उष्टे उचलावयास बोलाविले आणि कोणास बोलाविलेच नाही, हे समजले म्हणजे त्या काळचा समाज समजला.

आणि पंगतीहूनही अवघड असा एक प्रश्न आहे, तो म्हणजे अन्न कोणत्या दिशेने जाते हा. जुन्या समाजव्यवस्थेत शिजलेले अन्न वरून खाली जाई, खालून वर कधीही येत नसे. भटजींच्या हातचे सर्वांस चालते, म्हणून आचारी ब्राह्मण. महाराच्या हातचे कोणासच चालत नाही, म्हणून त्याच्या वाट्यास येईल ते शिळेपाके. याचा परिणाम असा झाला की, आपल्याकडे जेवू घालणे हे पुण्य ठरले, पण जेवावयास जाणे ही जोखीम ठरली. श्रीमंताने हजार पाने वाढली तर त्याची कीर्ती होते, परंतु त्याच श्रीमंताने गरिबाच्या झोपडीत भाकरीचा तुकडा मोडला, तर तो बाटतो. अन्नदान आणि आतिथ्य या दोन गोष्टी आपण एकच मानीत आलो आहोत. आमच्या मते त्या एक नाहीत. जोवर यजमान नेहमी वरचा आणि घेणारा नेहमी खालचा, तोवर ते दान होय. उलट फेरी सुरू झाली म्हणजे मग पाहुणचार.

ही जोखीम किती खरी होती, हे पुण्यास 1890 साली दिसून आले. पंचहौद मिशनमधील एका सभेस शहरातील प्रतिष्ठित मंडळी गेली आणि तेथे पाद्र्यांनी त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे ठेविली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणेवैभवा’त छापून टाकताच गहजब उडाला. त्या नावांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, आणि 1892 साली रानड्यांसारख्या पुरुषाने प्रायश्चित्त घेतले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. चहा देणाऱ्यास कोणी काही म्हटले नाही, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो. सगळे किटाळ आले ते पाहुण्यांवर.

आता कोल्हापुराकडे वळू. शाहू छत्रपती 1894 साली गादीवर आले. खेड्यापाड्यांतील मुलांस शिकावयाचे तर शहरात राहावयास जागा व दोन वेळचे अन्न पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. प्रारंभी, 1896 साली, त्यांनी सर्व जातींकरिता एकच वसतिगृह काढून पाहिले. पण त्याचा लाभ बहुधा ब्राह्मण विद्यार्थ्यांसच झाला. मग त्यांनी मार्ग बदलला. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व दिगंबर जैन बोर्डिंग, 1906 साली मुसलमान विद्यार्थ्यांचे, 1907 साली वीरशैव लिंगायतांचे, 1908 साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, असा क्रम लागला आणि कोल्हापूर हे वसतिगृहांचे माहेरघर झाले. ज्या गावी परगावच्या शेकडो मुलांची पाने रोज मांडली जातात, त्या गावाच्या आतिथ्याबद्दल शंका कोण घेईल? तथापि प्रत्येक जातीची चूल निराळी होती, हेही खरे. चरित्रकार सांगतात की, जैन बोर्डिंगात राहणारा भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आला, तेव्हा ‘आधी स्नान कर, मग पंगतीस बस,’ असे त्यास फर्मावण्यात आले. त्याने स्नान केले नाही. पुढे 1924 साली साताऱ्यास याच भाऊरावांनी जे वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींच्या मुलांस एकच चूल व एकच पंगत होती. ती चूल पेटती ठेवण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही, विकले. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहास शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले.

परंतु महाराजांचे सर्वांत मोठे कृत्य, पाहुणचाराच्या दृष्टीने, वसतिगृहांचे नव्हे. ते एका चहाच्या दुकानातले आहे. गंगाराम कांबळे हा संस्थानच्या पागेतील अस्पृश्य नोकर. इतरांच्या पाण्याच्या हौदास त्याने हात लावला, म्हणून महाराज बाहेरगावी असताना त्यास बेदम मारण्यात आले. महाराज परत आल्यावर मारणारांस शिक्षा झाली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गंगारामास त्यांनी भांडवल देऊन भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान घालून दिले. दुकान उघडले, गिऱ्हाईक येईना. महाराच्या हातचा चहा भर रस्त्यात कोण पिणार? तेव्हा महाराज आपली गाडी त्या दुकानासमोर उभी करू लागले. चहा मागवावयाचा, स्वतः प्यावयाचा, आणि बरोबरच्या मंडळींसही पाजावयाचा, असा क्रम त्यांनी धरला. कामासाठी गाठ घेऊ पाहणाऱ्या प्रतिष्ठितांस तेथेच भेट मिळे, आणि भेटीबरोबर चहाही मिळे, असे सांगतात. नाही कसे म्हणणार? छत्रपतींच्या हातात पेला असे.

सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये, असे हुकूम महाराजांनी 1919 साली काढलेच होते. पण हुकुमाने पाणवठा खुला होतो. घोट घशाखाली उतरत नाही. जोतीराव फुल्यांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस मोकळा केला, ते कृत्य थोरच होते. तेथे फुले यजमान होते. कोल्हापुरी राजा पाहुणा झाला. त्याने अन्नाची दिशा फिरविली. ज्या चहापायी पुण्याच्या विद्वानांस प्रायश्चित्ते घ्यावी लागली, तोच चहा येथे राजाने उघड्यावर, रोजच्या रहदारीत, अस्पृश्याच्या हातून घेतला. याची बरोबरी करणारी घटना त्या काळच्या महाराष्ट्रात आम्हांस दुसरी दिसत नाही.

दक्षिणेच्या आतिथ्याचा विषय निघाला की अमेरिकेतील दक्षिणेकडील संस्थानांची आठवण होते. तेथील गोऱ्या जमीनदारांच्या मेजवान्यांची गोडवी जगभर गाइली गेली आहेत. रांधणारे हात मात्र गुलामांचे. म्हणजे तेथे काळ्याच्या हातचे अन्न चाले, काळा शेजारी बसलेला चालत नसे. 1901 च्या ऑक्टोबरात अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी निग्रो शिक्षणतज्ज्ञ बुकर वॉशिंग्टन यांस आपल्या निवासस्थानी भोजनास बोलाविले, तेव्हा दक्षिणेतील वृत्तपत्रांनी जो शिवीगाळ केला तो वाचवत नाही. पुढे 1 फेब्रुवारी 1960 रोजी ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एका मोठ्या दुकानातील उपाहाराच्या फळीपाशी जाऊन बसले आणि नकार मिळाला तरी उठले नाहीत. त्या दुकानात त्यांस वही, पेन्सिल विकत मिळे, कॉफी मिळत नसे. गंगारामाची अडचण बरोबर उलटी होती. तेथे गिऱ्हाइकास आसन मिळेना; येथे दुकानदारास गिऱ्हाईक मिळेना.

मार्च 1920 मध्ये माणगावास अस्पृश्यांची परिषद भरली, तिचे अध्यक्ष तरुण भीमराव आंबेडकर होते. महाराज तेथे स्वतः गेले, भाषण केले, आणि त्या भाषणातच आंबेडकरांना मंडळींसह आपल्या रजपूतवाडीच्या मुक्कामी भोजनास येण्याचे आमंत्रण दिले. हजारो लोकांसमोर, चारचौघांत द्यावे तसे. त्याला समारंभाचा वास नव्हता. कोल्हापुरी माणूस ‘जेवूनच जावा’ म्हणतो, त्या तऱ्हेचे ते होते. पुढे तिसाव्या दशकात रत्नागिरीस व मुंबईस सहभोजनांची लाट आली. ती चळवळ म्हणून मोलाची खरी, तथापि तिथे जेवणाऱ्यांची नावे वर्तमानपत्रात छापावी लागत. ज्या जेवणाची बातमी होते, ते जेवण अजून घरगुती झालेले नाही.

या सर्व कथेत एक मोठी उणीव आहे. यजमान कोण, पाहुणा कोण, हे आपण पुरुषांपुरतेच पाहिले. मराठा सरदारांच्या वाड्यांत पंगत झडे बाहेर, आणि तिच्या पाठीमागे पडद्याआड ज्या बायका दिवसभर चुलीपाशी राबत, त्यांची पाने सर्वांच्या शेवटी, उरल्यासुरल्यावर मांडली जात. ब्राह्मणाघरीही निराळे काही नव्हते. आग्रह बाहेर होई, तुटवडा आत सोसला जाई. पाहुण्याच्या वाटीत पुन्हा रस्सा पडला, तो कोणाच्या वाटीतून कमी झाला, याचा हिशेब कोणत्याही बखरीत नाही.

आता मंगल कार्यालयांतून पाटपाणी गेले, मेज-खुर्ची आली, आणि पुष्कळ ठिकाणी उभ्याने जेवण्याची पद्धत पडली. जुन्या मंडळींस ती आवडत नाही. आम्हांसही आग्रहावाचून जेवण अळणी लागते; पण रांगेत ताट घेऊन उभ्या असलेल्या मनुष्यास आपल्या पुढे कोण व मागे कोण हे विचारता येत नाही, हा तिचा गुण कबूल केला पाहिजे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा व कृष्णा यांच्या महापुराने शिरोळ तालुक्यातील गावे पाण्याखाली गेली, तेव्हा शाळा-कार्यालयांत उतरलेल्या पूरग्रस्तांसाठी घरोघरच्या भाकऱ्या गोळा होऊन आल्या. एका टोपल्यात पडलेल्या त्या भाकऱ्यांत कोणती कोणाच्या तव्यावरची, हे ओळखणे शक्य नव्हते, आणि ओळखण्याची कोणास गरजही भासली नाही.

शाहू छत्रपती 6 मे 1922 रोजी निवर्तले. त्यानंतर त्यांचे जे पहिले स्मारक कोल्हापुरात उभे राहिले, ते दरबाराने उभारलेले नाही. नर्सरी बागेतील ते लहानसे स्मारक अस्पृश्य समाजाने आपल्या वर्गणीतून उभारले, आणि त्याच्या खटपटीत पुढाकार होता चहावाल्या गंगाराम कांबळ्यांचा.