क्रियापद शेवटी

समजा, भंडाऱ्यात जिल्हा परिषदेच्या लिपिकाला साहेबांनी सांगितलं, ‘मामा तलावांच्या रजिस्टरमधून साकोली तालुक्यातले, 100 हेक्टरांपर्यंत सिंचनाचे तलाव नावाप्रमाणे लावून आणा.’ आधी रजिस्टर, मग अटी, मग क्रम, शेवटी क्रियापद. ‘आणा’ कानावर पडेपर्यंत लिपिक जागचा हलत नाही. कारण शेवटी ‘आणा’ येईल की ‘फाडा’, हे त्याला आधी कळत नाही.

डेटाबेसला प्रश्न विचारणारी लायब्ररी, म्हणजे क्वेरी बिल्डर, बांधणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे. त्याचा इतिहास वाचताना मला हे वाक्य सारखं आठवतं.

1970 मध्ये आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत मांडायची आणि तिला गणिताच्या पद्धतीने प्रश्न विचारायचे, अशी कल्पना मांडली. ते गणित सामान्य माणसाला झेपणारं नव्हतं. म्हणून त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी 1974 मध्ये इंग्रजीसारखी वाचता येईल अशी भाषा सुचवली, सीक्वेल. पुढे ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे ती एसक्यूएल झाली. इंग्रजीत हुकूम क्रियापदाने सुरू होतो, म्हणून एसक्यूएल ‘सिलेक्ट’ने सुरू होते. काय हवं ते आधी, कुठून ते नंतर, अट त्याहून नंतर. त्याच दशकात बर्कलीच्या इन्ग्रेस प्रकल्पातली क्वेल ही भाषा आधी तक्ता सांगायची आणि मग ‘रिट्रीव्ह’ म्हणायची. पण 1986 मध्ये अमेरिकेत मानक ठरलं ते एसक्यूएलचं.

माणसाला ही भाषा सोपी गेली, प्रोग्रामला मात्र जड. प्रोग्राममध्ये क्वेरी म्हणजे अवतरणचिन्हांत कोंबलेला मजकूर. पहिली अट असेल तर ‘व्हेअर’ चिकटवा, पुढची असेल तर ‘अँड’. एक स्वल्पविराम चुकला की सगळं कोसळलं. त्याहून वाईट म्हणजे गावाच्या नावाच्या चौकटीत कुणी एसक्यूएलचाच तुकडा टाइप केला, तर डेटाबेस तो हुकूम समजून पाळतो. 1998 मध्ये ‘फ्रॅक’ या हॅकर मंडळींच्या नियतकालिकात ही युक्ती छापून आली. आज तिला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात.

2005 च्या डिसेंबरात मार्टिन फाउलर यांनी ‘फ्लुएंट इंटरफेस’ या नावाबद्दल लिहिलं. हे नाव त्यांना आणि एरिक इव्हान्स यांना मिळून सुचलं होतं. यात प्रत्येक कृतीतून अशी वस्तू हाती येते, की तिच्यावर लगेच पुढची कृती करता येते. कोड वाक्यासारखा वाचता येतो. 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टने सी शार्पमध्ये ‘लिंक’ आणलं आणि ‘फ्रॉम’ मुद्दाम पुढे घेतला, कारण तक्ता आधी कळला तरच एडिटर त्यातले रकाने सुचवू शकतो. 2010 च्या रेल्स 3 मध्ये अटींची साखळी रचत जायची सोय झाली. निकालाची खरोखर गरज पडेपर्यंत ती साखळी डेटाबेसकडे जात नाही.

पायथन 3 मध्ये देवनागरी नावं चालतात, तेव्हा हे मराठीतच लिहून बघा:

तलाव.जिथे(तालुका="साकोली").सिंचन_पर्यंत(100).क्रम("नाव").आण()

साहेबांचंच वाक्य झालं की नाही?

असा बिल्डर बांधताना काही गोष्टी पक्क्या ठरवाव्या लागतात. ‘साकोली’सारखी किंमत हुकुमात मिसळायची नाही, डेटाबेसकडे वेगळी पाठवायची, मग ती हुकूम बनू शकत नाही. प्रत्येक पायरीला नवी प्रत द्यायची. ‘साकोलीचे तलाव’ एवढा अर्धा प्रश्न दोन जणांनी वापरला, तर एकाची अट दुसऱ्याच्या यादीत शिरता कामा नये. आणि शेवटची गोष्ट पुसण्याची. ‘डिलीट फ्रॉम तलाव’ हे एसक्यूएलमध्ये पूर्ण वाक्य आहे. अट विसरली तरी ते चालतं आणि सगळा तक्ता रिकामा होतो. बिल्डरमध्ये क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे तिथे थांबून तपासता येतं: एखादी अट आली आहे का? नसेल तर नकार.

भंडाऱ्यात हा नकार किती मोलाचा, ते तलावांच्या इतिहासात दिसतं. गोंड राजवटीच्या काळापासून, बरेचसे कोहळी समाजाने, हे तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांकडे होते. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. म्हणून ते माजी मालगुजारी, थोडक्यात मामा. चराई, सरपण, पाणी, मासेमारी याबाबतचे गावाचे हक्क आणि रिवाज निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्जात लिहिले जातात. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही या दोन्ही दस्तऐवजांना जागा आहे. अशी नोंद तक्त्यातली एक ओळ झाली, की गावाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला हक्क त्या ओळीवर येऊन ठेपतो.

तेव्हा कुणी नुसतं ‘तलाव.पुसून_टाक()’ लिहिलं, तर बिल्डरने विचारायलाच हवं: कोणता तलाव, कोणत्या गावचा?