गोखले, गोपाळ कृष्ण : कायदेकौन्सिलातील कामगिरी

(९ मे १८६६ – १९ फेब्रुवारी १९१५). मवाळांचे पुढारी, फर्ग्युसन कॉलेजातले प्राध्यापक आणि भारत सेवक समाजाचे संस्थापक म्हणून गोखले सर्वांना शाळेच्या पुस्तकातूनच माहीत असतात. या नोंदीचा विषय त्यांच्या आयुष्याचा एकच भाग आहे. १९०२ पासून पुढे दशकभर ते कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदेकौन्सिलात बसले. सरकार मतदानात हरणारच नाही अशी त्या सभागृहाची मुळातच घडण होती. तिथे त्यांनी विरोधी बाकांचे काम केले, तेही विरोधी बाक नावाची वस्तू अस्तित्वात येण्यापूर्वी.

त्या कौन्सिलाची रचना समजल्याशिवाय या भाषणांची किंमत कळत नाही. १८९२ च्या कायद्याने व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाला कायदे करण्यापुरते दहा ते सोळा जादा सभासद जोडले जात. त्यांतही सरकारी अधिकाऱ्यांची संख्या भरपूर असे. बिनसरकारी जागांपैकी एक मुंबई इलाख्याची होती आणि ती मुंबई कौन्सिलातल्या बिनसरकारी सभासदांच्या पसंतीने भरली जाई. फिरोजशहा मेहतांनी ती सोडल्यावर गोखले तिथे गेले. अंदाजपत्रक मांडले जाई, त्यावर बोलता येई, पण मत देता येत नसे. प्रश्न विचारायचा तर आधी लेखी सूचना द्यायची आणि मिळेल ते उत्तर ऐकून खाली बसायचे. पुरवणी प्रश्नाची सोय नव्हती. थोडक्यात, सभासदाच्या हाती वर्षातून एकदा सलग बोलण्याची संधी आणि ते बोलणे छापले जाण्याची खात्री, एवढेच होते. गोखल्यांनी यातल्या दुसऱ्या गोष्टीवर सगळी भिस्त ठेवली. समोरच्या गोऱ्या सभासदांचे मत फिरणार नाही हे त्यांना ठाऊक होते. पण सरकारी कागदावर चढलेल्या आकड्याला सरकारला उत्तर द्यावेच लागते, हेही ठाऊक होते.

ही शिस्त ते एका फजितीतून शिकले. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते इंग्लंडला गेले होते. हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या त्या कमिशनपुढची त्यांची साक्ष गाजली. त्याच मुक्कामात पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी प्लेगच्या बंदोबस्तातील सोल्जरांच्या अत्याचारांची हकीकत तिकडच्या वर्तमानपत्राला सांगितली. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, तो उभा करता आला नाही आणि त्यांनी जाहीर माफी मागितली. पुण्यात त्यांची पुष्कळ टवाळी झाली. तक्रार खोटी होती असे यातून मुळीच सिद्ध होत नाही, पण सिद्ध न होणारी गोष्ट बोलण्याचा मोह त्यांनी त्यानंतर कायमचा सोडलेला दिसतो.

कलकत्त्याला जाण्यापूर्वी ते मुंबई कौन्सिलात होते. तिथे १९०१ साली जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आले. सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत देताना ती विकण्या-गहाण टाकण्याचा हक्क काढून घेण्याची त्यात तरतूद होती. सरकार ऐकत नाही असे दिसताच मेहता आणि त्यांचे सहकारी उठून बाहेर पडले. गोखलेही त्यांच्याबरोबर गेले. सभात्याग हे हत्यार त्यांनी हाताळून पाहिले ते असे. त्यांचा मूळ पिंड मात्र बसून राहून बोलण्याचा होता.

२६ मार्च १९०२ चे पहिले अंदाजपत्रकी भाषण हा या कामगिरीचा खरा आरंभ. अर्थसचिव सर एडवर्ड लॉ यांनी सात कोटी रुपयांची शिल्लक दाखवली होती आणि सभागृहात अभिनंदनाची रीत चालू होती. दुष्काळ आणि प्लेग यांनी देश गांजलेला असताना तिजोरी भरते कशी, असा गोखल्यांचा सवाल होता, आणि उत्तर त्यांनी सरकारी तक्त्यांतूनच काढले. १८९० नंतरच्या काळात रुपया घसरत घसरत तेरा पेन्सांच्या आसपास आला होता. लंडनला पाठवायच्या रकमा पौंडांत असल्याने एका पौंडासाठी सुमारे साडेअठरा रुपये मोजावे लागत. ही तूट भरून काढायला कर वाढवले गेले. १८९३ साली टांकसाळी खासगी चांदीला बंद झाल्या, रुपया चढत सोळा पेन्सांवर स्थिरावला आणि तोच पौंड पंधरा रुपयांत पडू लागला. गरज संपली, कर मात्र तसेच राहिले. शिल्लक म्हणजे सुबत्तेची खूण नसून रयतेकडून जादा वसूल झालेली रक्कम आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. गणिताचे क्रमिक पुस्तक लिहिलेला माणूस हिशेब मांडत होता, त्यामुळे तो खोडणे अवघड गेले.

या हिशेबामागे आणखी एक माणूस होता. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेत हेडमास्तर. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात न्यायमूर्ती रानड्यांच्या बरोबरीने अर्थविषयक लेख लिहिलेले. सरकारी अहवालांचे जाडजूड ग्रंथ त्यांच्याकडे जात आणि टिपणे होऊन परत येत. रानडे १९०१ च्या जानेवारीत वारले, तेव्हा कलकत्त्याला जाणाऱ्या गोखल्यांमागे जोशीच उभे होते. आज खासदाराला संशोधक साहाय्यक लागतो म्हणतात. गोखल्यांचा साहाय्यक शाळा सांभाळून हे काम करी.

मिठावरचा कर हा त्यांचा वर्षानुवर्षांचा विषय. १८८८ पासून तो मणाला अडीच रुपये होता. मण चाळीस शेरांचा, म्हणजे शेरामागे चक्क एक आणा! गरिबाच्या ताटातली ही एकच वस्तू अशी की तो ती सोडू शकत नाही आणि पिकवूही शकत नाही. गोखले दरसाल उठून तोच मुद्दा नव्या आकड्यांनी मांडत. १९०३ मध्ये कर दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एका रुपयावर. १९०३ मध्येच प्राप्तिकराची मर्यादा पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. तीही त्यांची मागणी होती. या कपातीचे सगळे श्रेय एकट्या भाषणांना देणे भाबडेपणाचे होईल, कारण तिजोरीत पैसा होता म्हणून ती शक्य झाली. पण तो पैसा आहे आणि तो कोणाचा आहे, हे सभागृहात सांगणारा आवाज प्रामुख्याने त्यांचा होता. लष्करी खर्च मात्र त्यांच्या भाषणांनी हलला नाही. देशी गिरण्यांच्या कापडावरची साडेतीन टक्क्यांची जकातही जागची ढळली नाही. तिच्यामागे मँचेस्टरचे गिरणीमालक होते.

लॉर्ड कर्झनच्या काळात त्यांचा सूर अधिक तीव्र झाला. लष्करी गुपितांचा कायदा मुलकी कारभारालाही लावणारे विधेयक १९०३ च्या डिसेंबरात आले, तेव्हा वर्तमानपत्रांचे तोंड बंद करण्याचा हा मार्ग आहे असे त्यांनी बजावले. विद्यापीठांच्या विधेयकाला त्यांनी निवड समितीत आणि सभागृहात विरोध केला, तरी १९०४ मध्ये ते मंजूर झाले. त्याच सुमारास कर्झनने बड्या नोकऱ्यांत हिंदी लोकांना किती वाव मिळाला याची आकडेवारी अभिमानाने मांडली. गोखल्यांनी पुढच्या वर्षी तेच तक्ते घेतले, पगाराच्या पायऱ्या वेगळ्या केल्या आणि वरच्या पायऱ्यांवर हिंदी माणूस जवळजवळ दिसत नाही हे दाखवून दिले. याच कर्झनच्या राजवटीत त्यांना १९०४ साली सी. आय. ई. हा किताब मिळाला होता, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे.

१९०७ च्या नोव्हेंबरात सिमल्याला सभाबंदीचे विधेयक आले. गोखले आणि रासबिहारी घोष यांनी त्यावर कडाडून टीका केली. पण १९१० च्या फेब्रुवारीत छापखान्यांवर जामीन लादणारा प्रेस ॲक्ट आला, तेव्हा नाशिकला कलेक्टर जॅक्सनचा खून होऊन दोन महिनेही झाले नव्हते. मदनमोहन मालवीय आणि भूपेंद्रनाथ बसू विरोधात उभे राहिले. गोखल्यांनी नाइलाज म्हणून कायद्याला संमती दिली. सहा वर्षांपूर्वी गुप्ततेच्या कायद्याविरुद्ध स्वतःच केलेला युक्तिवाद त्यांनी इथे बाजूला ठेवला. त्यांच्या कारकिर्दीतली ही सर्वांत दुबळी जागा आहे आणि जहाल टीकाकारांनी ती विसरू दिली नाही.

मोर्ले-मिंटो सुधारणांनी १९०९ मध्ये जादा सभासदांची मर्यादा साठपर्यंत वाढवली. सरकारी बहुमत कायम राहिले, पण पुरवणी प्रश्न आणि सार्वजनिक हिताच्या विषयावर ठराव मांडण्याचा हक्क मिळाला. गोखल्यांनी तो लगेच वापरला. २५ फेब्रुवारी १९१० रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीला गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध, मजूर पाठवणे बंद करावे असा ठराव त्यांनी मांडला आणि सरकारने तो स्वीकारला. त्यासाठी कायदा झाला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती थांबली. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी गिरमिटाची सगळी पद्धतच बंद करण्याचा ठराव आणला, तो सरकारी मतांनी पडला. त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ते दक्षिण आफ्रिकेत गांधींबरोबर हिंडून आले. गिरमिटाविरुद्धचा ठराव मंजूर व्हायला १९१६ साल उजाडले; तेव्हा तो मालवीयांनी मांडला आणि गोखले हयात नव्हते.

सर्वांत मोठी झुंज प्राथमिक शिक्षणाची. १८ मार्च १९१० रोजी त्यांनी सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला. ब्रिटिश हिंदुस्थानात लोकसंख्येच्या जेमतेम १.९ टक्के मुले प्राथमिक शाळांत आहेत आणि सयाजीरावांच्या बडोद्यात हे प्रमाण कितीतरी जास्त आहे, हा त्यांचा मुख्य दाखला. एका संस्थानिकाला जमते ते साम्राज्याला का जमू नये, या प्रश्नाला सभ्य उत्तर नव्हते. विचार करण्याचे आश्वासन मिळाल्यावर त्यांनी ठराव मागे घेतला. त्या वर्षअखेर सर हार्कोर्ट बटलर यांच्या हाताखाली शिक्षणाचे स्वतंत्र खाते निघाले.

मग १६ मार्च १९११ रोजी विधेयक आले. ते मुद्दामच बेताचे होते. सक्ती देशभर नव्हे. जी नगरपालिका किंवा जिल्हा बोर्ड तयार असेल तिनेच करायची, तीही सरकारच्या परवानगीने आणि त्या भागात आधीच ठरावीक प्रमाणात मुले शाळेत जात असतील तर. वय सहा ते दहा, सुरुवात मुलांपासून, गरीब पालकांना फी माफ. खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सरकारने उचलावा आणि एक तृतीयांश स्थानिक संस्थेने, अशी मांडणी. विधेयक वर्षभर मतांसाठी देशभर फिरले. १९१२ च्या मार्चमध्ये निवड समितीकडे पाठवण्याच्या प्रस्तावावर दोन दिवस चर्चा झाली. बॅरिस्टर जिना आणि मालवीय पाठीशी उभे राहिले. सरकारने पैशाची अडचण आणि लोकमताची नाराजी पुढे केली आणि काही जमीनदार सभासदांनीही तोच सूर धरला. १९ मार्च रोजी प्रस्ताव १३ विरुद्ध ३८ मतांनी पडला. हा निकाल अनपेक्षित नाही, आमच्या पिढीला अपयशानेच देशसेवा करावी लागणार, अशा आशयाचे गोखले तेव्हा बोलले. त्यात रडका सूर नव्हता. मतांची मोजणी त्यांनी वर्षभर आधीच केली असावी.

सक्तीच्या शिक्षणाची पुढची वाटचाल तुटक आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात सक्तीचे शिक्षण सुरू केले. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या विधेयकाने १९१८ साली नगरपालिकांना तो अधिकार मिळाला. त्याचा साचा बहुतांशी १९११ च्या विधेयकाचाच होता. शिक्षणहक्काचा देशव्यापी कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला.

पुण्यात गोखल्यांच्या या आकडे मांडण्याच्या पद्धतीवर टीका झाली. ज्या सभागृहात मत मोजले जात नाही तिथे आकडे मोजून काय उपयोग, हा जहालांचा आक्षेप होता आणि तो पोकळ नव्हता. सरकारला ऐकायची गरज वाटली तेव्हाच गोखले जिंकले. गरज नव्हती तिथे हरले. तरीही अंदाजपत्रक हा सामान्य माणसाच्या मिठाशी आणि शाळेशी जोडलेला विषय आहे, हे हिंदी वाचकाला त्यांच्या छापील भाषणांनी शिकवले. ही भाषणे मद्रासच्या जी. ए. नटेसन यांनी १९०८ मध्येच पुस्तकरूपात आणली. स्वातंत्र्यानंतर पुण्याच्या डेक्कन सभेने ती अर्थविषयक, राजकीय आणि शैक्षणिक अशा तीन खंडांत प्रसिद्ध केली. गोखले वाचायचे असतील तर चरित्राआधी त्यातला पहिला खंड काढावा आणि १९०२ च्या भाषणापासून सुरुवात करावी. जवळ कागद-पेन्सिल असू द्यावी.