व्हिडिओ-संस्करण व यंत्रस्तरीय गतिवर्धन

कॅमेऱ्याने टिपलेल्या अथवा फितीवरून संगणकात उतरविलेल्या चलच्चित्रांची काटछाट करणे, त्यांचा आकार व रंग बदलणे, त्यांतील ठिपके व खरखर घालविणे आणि शेवटी ती आटोपशीर आकारमानात साठविणे, ही कामे करणाऱ्या आज्ञावलींना व्हिडिओ-संस्करण प्रणाली म्हणतात; आणि अशा आज्ञावलीतील जे थोडेसे भाग अहोरात्र, कोट्यवधी वेळा चालतात, ते विशिष्ट प्रोसेसरच्या अंगभूत आज्ञा, त्याची रजिस्टरे आणि त्याची स्मृतिव्यवस्था यांचा नेमका विचार करून पुन्हा रचण्याच्या विद्येस यंत्रस्तरीय गतिवर्धन म्हणता येईल. दोन्ही विषय येथे एकत्र घेतले आहेत, कारण संगणकाच्या इतर बहुतेक क्षेत्रांत या विद्येचे स्थान गौण ठरत गेले असता व्हिडिओच्या क्षेत्रात ती आजही मुख्य कारभाराचा भाग राहिली आहे.

याचे कारण केवळ हिशेबाचे आहे. १९२० × १०८० पिक्सेलांच्या एका फ्रेममध्ये २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येकाची प्रकाशमानता एका बाइटात आणि रंगाची दोन अंगे उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी निम्म्या बारकाईने ठेविली, तरी ती फ्रेम ३१,१०,४०० बाइटांची होते, आणि सेकंदाला २५ फ्रेम या मानाने पावणेआठ कोटींहून अधिक बाइटांची ये-जा दर सेकंदास करावी लागते. एका फ्रेमसाठी ४० मिलिसेकंदांचाच अवकाश असल्याने ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरच्या एका गाभ्याला प्रत्येक पिक्सेलमागे सुमारे ५८ क्लॉक-आवर्तने मिळतात. १९९७ सालच्या २०० मेगाहर्ट्झच्या पेंटियमला ७२० × ५७६ च्या, म्हणजे पुष्कळच लहान, चित्रासाठीदेखील पिक्सेलमागे जेमतेम १९ आवर्तने मिळत असत. आणि एवढ्या तुटपुंज्या भांडवलात उलगडणे, छानणे, रंगरूपांतर आणि पडद्यावर पाठविणे हे सर्व भागवावयाचे असे.

प्रोसेसरची साधी आज्ञा एका वेळी एकाच संख्येवर चालते, आणि पिक्सेलचे मूल्य तर ० ते २५५, म्हणजे ८ बिटांत मावणारे. तेव्हा ३२ बिटांच्या रजिस्टरात एकच पिक्सेल ठेवून हिशेब करणे म्हणजे रजिस्टराचा तीन-चतुर्थांश भाग निष्कारण रिकामा ठेवणे होय. इंटेलने जानेवारी १९९७ मध्ये एमएमएक्स या नावाने ५७ नव्या आज्ञा आणल्या, त्या हे वैगुण्य दूर करण्यासाठीच. ६४ बिटांच्या एका रजिस्टरात आठ पिक्सेल शेजारीशेजारी ठेवून आठांवर एकदम क्रिया करण्याची सोय त्यांनी झाली, आणि तिच्याबरोबर संपृक्त बेरीज-वजाबाकीही आली. साध्या बेरजेत २५० मध्ये १० मिळविले की ८ बिटांची मर्यादा ओलांडून उत्तर ४ येते, म्हणजे उजळ करू गेलेला आकाशाचा तुकडा एकाएकी काळा ठिक्कर पडतो. संपृक्त बेरीज २५५ वर थांबते. पूर्वी यासाठी प्रत्येक पिक्सेलमागे तुलना आणि शाखांतर करावे लागे. आता आठांना मिळून एक आज्ञा पुरू लागली.

या सोयीची एक किंमत मात्र द्यावी लागली. जुन्या कार्यकारी प्रणाली कार्यबदलाच्या वेळी दशांश-गणकाची (अपूर्णांकी हिशेब करणाऱ्या विभागाची) रजिस्टरे जपून ठेवीतच असत. त्यांत फेरफार करावा लागू नये म्हणून इंटेलने एमएमएक्सची आठही रजिस्टरे त्याच दशांश-गणकाच्या जागेवर बसविली. परिणामी एमएमएक्सचे काम संपताच ईएमएमएस ही आज्ञा देऊन ती जागा मोकळी करून देणे हे प्रोग्रामरचे कर्तव्य झाले. एखाद्या फिल्टरच्या शेवटी ती आज्ञा राहून गेली, तर बिघाड त्या फिल्टरात दिसत नाही. तो पुढे कोठेतरी, ध्वनीच्या अथवा वेळेच्या हिशेबात दिसतो, जेथे दशांश संख्यांच्या ठिकाणी अर्थशून्य मूल्ये अवतरतात आणि मुळात दोष नसलेल्या फंक्शनची झडती घेण्यात दिवस जातात. पुढे फेब्रुवारी १९९९ मध्ये पेंटियम ३ बरोबर एसएसई व नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ बरोबर एसएसई२ या आज्ञासंचांनी १२८ बिटांची स्वतंत्र रजिस्टरे दिली आणि ही अडचण हळूहळू कालबाह्य झाली. २०१३ मधील एव्हीएक्स२ ने पूर्णांकांसाठी ही रुंदी २५६ बिटांवर नेली.

गतिवर्धनाचे सामर्थ्य सर्वांत स्पष्ट दिसते ते चलन-शोधात. व्हिडिओचे संक्षेपण मुख्यतः या निरीक्षणावर उभे आहे, की लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये बरेचसे चित्र तेच असते, फक्त जरासे सरकलेले असते. म्हणून एन्कोडर १६ × १६ पिक्सेलांचा एकेक चौकोन घेऊन तो मागील फ्रेममध्ये कोठे सापडतो याचा तपास करतो, आणि साम्य मोजण्यासाठी दोन्ही चौकोनांतील समोरासमोरच्या पिक्सेलांमधील फरकांची, चिन्ह सोडून, बेरीज घेतो. चारी बाजूंस १६ पिक्सेलांपर्यंत एकही जागा न सोडता पाहावयाचे ठरविले तर प्रत्येक चौकोनासाठी १,०८९ जागा तपासाव्या लागतात, आणि ७२० × ५७६ च्या चित्रात असे १,६२० चौकोन असल्याने सेकंदाला सुमारे १,१२९ कोटी वजाबाक्यांचे काम निघते. यावर पहिला उपाय प्रोसेसरचा नव्हे, विचाराचा आहे: सर्व जागा न पाहता, शेजारच्या चौकोनाने कोणती दिशा घेतली हे पाहून तेथून षट्कोनी किंवा चौकटच्या आकाराच्या पावलांनी शोध घेतला, की काही थोड्या जागांतच बहुधा काम भागते. जो प्रोग्रामर ही पायरी सोडून थेट असेम्ब्लीकडे धावतो, तो अनावश्यक काम वेगाने करीत राहतो.

विचाराची ही काटकसर झाल्यावर मात्र यंत्राची पाळी येते. एमएमएक्समध्ये फरकाचे निरपेक्ष मूल्य काढण्याची आज्ञाच नव्हती. तेव्हा जाणत्यांनी संपृक्ततेचाच उपयोग करून घेतला. पहिल्यातून दुसरा आणि दुसऱ्यातून पहिला अशा दोन्ही वजाबाक्या केल्या, तर जी ऋण व्हावयाची ती शून्यावर थांबते आणि दुसरीत खरा फरक उरतो. दोन्ही उत्तरे बिटवार एकत्र केली की निरपेक्ष फरक हाती येतो, आणि वाटेत कोठेही शाखांतर लागत नाही. एसएसईबरोबर पीसॅडबीडब्ल्यू ही आज्ञा आली व तिने आठ पिक्सेलांचे फरक आणि त्यांची बेरीज हे सर्व एका फटक्यात करून टाकले. एसएसई२ मध्ये तीच सोळा पिक्सेलांवर चालू लागली. २५६ पिक्सेलांच्या चौकोनाची तुलना अशा रीतीने सोळा आज्ञा आणि तितक्याच बेरजांत उरकते. एका विशिष्ट कामासाठी घडविलेल्या आज्ञेने एवढे मोठे अंतर तोडल्याची उदाहरणे संगणकाच्या इतिहासात फारशी नाहीत.

वेगाच्या हव्यासात अचूकतेला कसा धक्का पोहोचतो, याचा दाखला सरासरीच्या आज्ञेत मिळतो. दोन पिक्सेलांची सरासरी काढणारी पीएव्हीजीबी ही आज्ञा अर्धा उरल्यास वर पूर्णांकित करते. म्हणून चार पिक्सेलांची सरासरी हवी असता ती दोन-दोनांच्या जोड्यांवर चालवून आलेल्या उत्तरांवर पुन्हा चालविण्याचा मोह होतो. ०, ०, ० आणि १ या चार मूल्यांची योग्य रीतीने पूर्णांकित केलेली सरासरी ० येते; जोड्यांच्या मार्गाने पहिली सरासरी ०, दुसरी १, आणि त्या दोहोंची पुन्हा १. एका एककाची ही तफावत डोळ्यांस कळणार नाही हे खरे, परंतु डीकोडरमध्ये पुढची फ्रेम मागच्या फ्रेमवरून रचली जात असल्याने ती फ्रेमागणिक साचत जाते, आणि पुढील स्वतंत्र फ्रेम येईपर्यंत चित्र उत्तरोत्तर बिघडत जाते. २००३ मध्ये संमत झालेल्या एच.२६४ या मानकाने आपल्या रूपांतराची पूर्णांकी व्याख्याच अशी काटेकोर केली की प्रत्येक डीकोडरचे उत्तर बिटाबिटाने एकच आले पाहिजे. प्रोग्रामरला अशी शिस्त जाचक वाटली, तरी तिच्यामुळेच पडताळणी निःसंदिग्ध झाली.

पुष्कळदा आज्ञांपेक्षा स्मृतीच अधिक वेळ खाते. आजचे प्रचलित प्रोसेसर मुख्य स्मृतीतून माहिती आणतात ती ६४ बाइटांच्या तुकड्यांनी, आणि कॅशेत ती त्याच तुकड्यांनी ठेवितात. चलन-शोधात मागील फ्रेममधील चौकोन कोणत्याही पिक्सेलापासून सुरू होऊ शकतो. तेव्हा सोळा बाइटांचे वाचन जितक्या ६४ ठिकाणांहून सुरू होऊ शकेल त्यांपैकी १५ ठिकाणी ते दोन तुकड्यांवर पडते आणि कित्येक जुन्या प्रोसेसरांवर अशा प्रत्येक वाचनास जबर दंड बसे. इंटेलने २००४ मध्ये एसएसई३ संचात अशा वाचनासाठीच एक आज्ञा घातली, आणि एक्स२६४ या एन्कोडरच्या लेखकांनी या कॅशे-सीमेचा प्रसंग ओळखून त्यासाठी वेगळी फंक्शने लिहून ठेविली. याउलट ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीत लिहिणे स्वस्त असले, तरी तेथून प्रोसेसरने वाचणे अतिशय महाग पडते. ज्या फिल्टरला आपलेच उत्तर पुन्हा वाचावे लागते, त्याने ते आधी सामान्य स्मृतीत तयार करावे, हे उत्तम.

व्यक्तिगत कर्तृत्वाचे उदाहरण म्हणून व्हर्च्युअलडब या आज्ञावलीचा उल्लेख केला पाहिजे. एव्हरी ली यांनी महाविद्यालयीन शिक्षण चालू असतानाच ती विंडोजसाठी लिहिण्यास घेतली. एव्हीआय फायलींची सरळ रेषेतील काटछाट, फिल्टरांची साखळी आणि संक्षिप्त फ्रेमना हात न लावता त्या तशाच पुढे पाठविण्याची सोय एवढाच तिचा आटोपशीर व्याप. पण सी++ च्या जोडीला हाताने लिहिलेली असेम्ब्ली असल्याने साध्या यंत्रांवरही ती चपळ चाले. तिच्यातील एक लहानशी तजवीज फार मार्मिक आहे. विंडोजमधील कोडेक निरनिराळ्या लोकांनी लिहिलेले असत आणि त्यांत ईएमएमएसचा विसर पडण्याचा संभव असे. व्हर्च्युअलडब परक्या कोडेककडून नियंत्रण परत येताच दशांश-गणकाची स्थिती तपासे, आणि ती बिघडलेली आढळली तर स्वतः दुरुस्त करून त्या कोडेकच्या नावासह तशी नोंद करी. दुसऱ्याच्या चुकीचा ठपका आपल्यावर येऊ न देणे आणि वापरणाऱ्याचे कामही अडू न देणे, या दोन्ही गोष्टी तिने साधल्या. ती जीपीएल परवान्याखाली असल्याने तिची मूळ संहिता कोणासही वाचता येते.

हे सर्व कंपायलरने आपण होऊन का करू नये, हा प्रश्न रास्त आहे. सी भाषेच्या नियमांप्रमाणे लहान पूर्णांक क्रियेपूर्वी मोठे केले जातात. संपृक्त बेरजेस त्या भाषेत स्वतंत्र चिन्ह नाही. आणि दोन पॉइंटर एकाच स्मृतीकडे निर्देश करीत नाहीत हे प्रोग्रामरने १९९९ च्या मानकातील शब्द वापरून सांगितल्याशिवाय कंपायलरला गृहीत धरता येत नाही. साध्या फेऱ्यांचे समांतरीकरण कंपायलर आता चांगले करतात. मात्र पिक्सेलांची अदलाबदल आणि जुळवाजुळव लागते, तेथे त्यांची मजल अजून हाताने लिहिलेल्या संहितेपर्यंत पोहोचत नाही. मधला मार्ग म्हणून सी मधूनच विशिष्ट आज्ञा बोलाविण्याची इन्ट्रिन्सिक पद्धती आहे. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने ६४-बिटी आवृत्तीत सी च्या पोटातील असेम्ब्ली बंद केल्यावर विंडोजवरील पुष्कळांनी ती पत्करली, तर एक्स२६४ आणि एफएफएमपेग या प्रकल्पांच्या लेखकांनी स्वतंत्र असेम्ब्ली फायलींचा मार्ग पसंत केला. लॉरेन मेरिट यांनी रचलेल्या मॅक्रोंमुळे एकच असेम्ब्ली फाइल ३२ व ६४ बिटांच्या, विंडोजच्या आणि युनिक्सच्या संकेतांत उतरविता येते.

असेम्ब्ली लिहिण्याआधी कोणता भाग खरोखर वेळ खातो हे मोजणे अपरिहार्य आहे. १९६७ मध्ये जीन अॅमडाल यांनी मांडलेल्या विचारानुसार, ज्या भागात ४० टक्के वेळ जातो तो शून्य वेळात उरकला तरी एकूण गती पावणेदोनपटीपर्यंतही जात नाही. मोजमापाइतकीच पडताळणीही महत्त्वाची. एक्स२६४ मध्ये सुरू झालेले व पुढे एफएफएमपेगने स्वीकारलेले चेकअॅझम हे साधन प्रत्येक असेम्ब्ली फंक्शनला आणि त्याच्या सरळ सी मधील प्रतिरूपाला एकच यादृच्छिक माहिती देते, दोन्ही उत्तरे ताडून पाहते, आवर्तने मोजते आणि जी रजिस्टरे संकेतानुसार जपून परत करावयाची ती जपली गेली की नाही हेही तपासते. विंडोजच्या ६४-बिटी संकेतात १२८-बिटी रजिस्टरांपैकी (शून्यापासून मोजता) ६ क्रमांकापासून पुढची दहा जपावी लागतात, युनिक्सच्या संकेतात एकही नाही. तेव्हा लिनक्सवर निर्दोष चाललेले फंक्शन विंडोजवर दूर कोठेतरी अनर्थ करू शकते, आणि असा दोष वाचनाने क्वचितच सापडतो. ज्या असेम्ब्ली फंक्शनला सी मधील प्रतिरूप नाही, ते कितीही वेगवान असले तरी प्रकल्पात घेऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

फाब्रीस बेलार यांनी २००० मध्ये आरंभिलेला एफएफएमपेग, लोरां एमार यांनी सुरू करून पुढे इतरांनी वाढविलेला एक्स२६४ आणि एव्ही१ मानकासाठी २०१८ मध्ये अवतरलेला व्हिडिओलॅनचा डेव्हिड हा डीकोडर हे या परंपरेचे मुख्य प्रतिनिधी होत. शेवटच्यात तर असेम्ब्लीचा भाग सी पेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि एव्ही१ साठी खास चिप नसलेल्या फोनांवर व संगणकांवर ते मानक सुसह्य झाले, याचे बरेचसे श्रेय त्यालाच जाते. एआरएमच्या निऑन आज्ञांसाठी तेच श्रम पुन्हा घ्यावे लागले, आणि रिस्क-फाइव्हसाठी ते सध्या चालू आहेत. या विद्येचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास आता वाट सोपी आहे: डेन्मार्कच्या अॅग्नर फॉग यांनी निरनिराळ्या प्रोसेसरांवर एकेक आज्ञेस किती आवर्तने लागतात याची कोष्टके विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत, आणि एफएफएमपेगच्या मंडळींनी २०२५ मध्ये असेम्ब्लीचे प्राथमिक पाठ प्रसिद्ध केले आहेत, ज्यांसाठी सी भाषेतील पॉइंटरांची ओळख आणि शाळेतील गणित एवढीच पूर्वतयारी पुरते.