मुद्रिका आणि फाईल

आंतरजालावरील संगीताच्या देवघेवीचा इतिहास सामान्यतः स्वामित्वहक्काच्या भंगाचा इतिहास म्हणून मांडला जातो. १९९३ मध्ये प्रमाणित झालेल्या एमपी-थ्री पद्धतीमुळे गाणे मूळ आकाराच्या सुमारे एक-दशांश जागेत मावू लागले. जून १९९९ मध्ये शॉन फॅनिंग या अमेरिकन तरुणाने नॅपस्टर सुरू केले आणि परक्याच्या संगणकातील गाणे उतरवून घेणे कोणालाही शक्य झाले. त्याच डिसेंबरात ध्वनिमुद्रण कंपन्यांनी दावा लावला व जुलै २००१ मध्ये ही देवघेव थांबली. तोवर मध्यवर्ती गीतसूचीवर न विसंबणाऱ्या नव्या व्यवस्था उभ्या राहिल्या होत्या. या कथनात मालक कंपनी आणि अपहारकर्ता श्रोता अशी दोनच पात्रे वावरतात. रचनाकार मात्र दृष्टीआड राहतो.

मराठी शाहिरी परंपरेच्या संदर्भात या इतिहासाकडे पाहिले असता वेगळा प्रश्न पुढे येतो. रचनेचा मुक्त संचार या परंपरेला नवा नाही. लावणी एका फडाकडून दुसऱ्या फडाकडे मुखोद्गत जात असे. परंतु तिच्या अखेरच्या कडव्यात रचनाकाराची मुद्रिका असे. राम जोशी, होनाजी बाळा, पठ्ठे बापूराव ही नावे छंदात आणि यमकात गुंफलेली असल्यामुळे ती गाळायची तर कडवेच मोडावे लागे. साहजिकच प्रत्येक गायक कवीच्या नावाचाही वाहक ठरे. ही व्यवस्था निर्दोष नव्हती. प्रसिद्ध मुद्रिकेखाली परक्या रचनाही शिरत. तथापि कर्तृत्वाचे स्थान संहितेच्या आत होते, हे महत्त्वाचे.

फाईलीत ते बाहेर गेले. १९९६ मध्ये एमपी-थ्री फाईलीला ‘आयडी-थ्री’ नावाची नोंदपट्टी जोडण्याची प्रथा सुरू झाली. ध्वनीच्या शेवटी चिकटविलेल्या १२८ बाइटांच्या या पट्टीत शीर्षक, गायक, संग्रह, वर्ष, शेरा आणि प्रकार यांसाठी जागा होती. गीतकारासाठी स्वतंत्र जागाच नव्हती. १९९८ च्या सुधारित आवृत्तीत ती आली, पण ती भरणे न भरणे नक्कल करणाऱ्याच्या मर्जीवर राहिले.

या बदलाचा अर्थ शिरूर आणि दौंड या तालुक्यांत विशेष स्पष्ट होतो. दौंड तालुक्यातील चौफुला संगीत बारीसाठी प्रसिद्ध आहे. तेथे गाणे बैठकीत, फर्माईशीवर ऐकले जाते. शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे तमाशा फडांसाठी वग, लावण्या व लोकगीते लिहिणारे बी. के. मोमीन कवठेकर (१९४७–२०२१) यांचे गाव. गाणे एकाचे आणि सादरीकरण फडाचे, अशा या व्यवहारात रचनाकाराचे नाव आधीच मागे पडण्याचा संभव असतो. अशा प्रदेशांत फाईल प्रामुख्याने तबकडी, मोबाइलच्या दुकानात भरून मिळणारे मेमरी कार्ड आणि ब्लूटूथ यांच्या मार्गाने पसरली. एका संगणकावर उतरविलेले गाणे पुढे हातोहात जाई. त्यावर पुष्कळदा ते पुरविणाऱ्या संकेतस्थळाचे नाव असे. कवीची मुद्रिका लोपली आणि वितरकाची उमटली, असे म्हणता येईल.

हे केवळ सांस्कृतिक नुकसान नव्हे. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय स्वामित्वहक्क कायद्याने गीतकार व संगीतकारांना ध्वनिमुद्रणाच्या वापरावरील मानधनात वाटा दिला. परंतु रचना कोणाची हेच नोंदलेले नसेल, तर तो वाटा पोहोचणार कोणाकडे?

मुक्त संचार आणि नामनिर्देश यांच्यात अटळ विरोध आहे, असे मात्र मानण्याचे कारण नाही. जात्यावरच्या ओवीला तर मुद्रिका बहुधा नसतेच. हेमा राईरकर व गी पॉइतवॅं यांनी सहकाऱ्यांसह जमविलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह २०१७ पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होऊ लागला. तेथे ओवी विनामूल्य ऐकता येते, आणि गाणाऱ्या स्त्रीचे नाव व गाव तिच्यासोबत राहते. नॅपस्टरच्या वारशाचे मूल्यमापन म्हणूनच बुडालेल्या विक्रीपाशी थांबू नये. गाणे कोणापर्यंत पोहोचले याबरोबरच ते कोणाचे म्हणून पोहोचले, हेही समीक्षेने विचारले पाहिजे.