हंडा आणि खुर्ची

१९९२ च्या ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतींच्या प्रमुखपदांपैकी किमान एक तृतीयांश पदे महिलांना राखीव झाली. ‘नाव बाईचे, कारभार नवऱ्याचा’ ही थट्टा तेव्हापासून ऐकू येते. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी ती तपासून पाहिली. आरक्षण आळीपाळीने येत होते, गावाची मर्जी पाहून नव्हे. म्हणून राखीव आणि खुल्या गावांची तुलना खरी ठरली.

पश्चिम बंगालच्या बीरभूममध्ये स्त्रियांच्या तक्रारी पाणी आणि रस्त्यांच्या होत्या. महिला प्रधानांनी दोन्हींवर जास्त पैसा लावला. राजस्थानच्या उदयपूरमध्ये रस्त्यांची ओरड पुरुषांची जास्त होती. तिथे महिला सरपंचांनी पाण्याला पुढे आणि रस्त्यांना मागे ठेवले. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. थट्टेला आकड्यांनी उत्तर मिळाले.

आपल्या मोहल्ल्यात महिला राखीव वॉर्ड निघाला की आपणही घरातल्या बाईचा अर्ज भरतो आणि बैठकीला मात्र स्वतः जातो. मग नळाचे गाऱ्हाणे मांडणार कोण? हंडा जिच्या डोक्यावर आहे, खुर्चीवरही तिलाच बसू द्या.