राजगडच्या कारभाराची घडी

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना मार्गासनीला राजगडचा फाटा फुटतो. रायगडाआधीच्या या राजधानीकडे आपण लढायांसाठी पाहतो. पण माणसांकडून एकदिलाने काम कसे करून घ्यावे, हेही तिथल्या शिवाजी महाराजांच्या राजवटीकडून शिकण्यासारखे आहे. सभासद बखरीनुसार गडावर हवालदार, सबनीस आणि सरनौबत हे तिघे अधिकारी एकाच दर्जाचे, आणि कारभार तिघांनी मिळून करायचा. हा तर अविश्वास झाला, असे कुणी म्हणेल. एकाच्या फितुरीने गड जाऊ नये हा हेतू त्यात होताच. पण तिघांची संमती लागते तिथे एकमेकांशी बोलावेच लागते, आणि कामाचे ओझे एकट्यावर पडत नाही.

नुसत्या रचनेने मात्र उमेद येत नाही. अफजलखानाच्या लढाईनंतर जखमींना जखम पाहून पंचवीस ते दोनशे होन दिले, पडलेल्यांच्या मुलांना सांभाळले, मूल नसलेल्यांच्या बायकांना अर्धे वेतन लावले, असे बखरकार सभासद सांगतो. त्याने हे जिंजीत, महाराजांच्या पश्चात लिहिले. त्यात गौरवाचा भाग असेल, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणून चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना गेलेले महाराजांचे पत्र मला अधिक मोलाचे वाटते. त्यात बजावले आहे: दाणागवत आताच उधळले तर पावसाळ्यात घोडी मरतील. दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जळतील. त्या पत्रात जरबही आहे, पण प्रत्येक हुकमामागचे कारण कारकुनालाही समजावून सांगितले आहे.